नऊशे नव्याण्णव डॉलरचा स्टँड: एका मॉनिटरच्या किमतीचं प्रकरण

३ जून २०१९. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात ॲपलची डेव्हलपर परिषद सुरू झाली. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. मी पुण्यात मराठी पुस्तकांच्या मांडणीचं काम करतो, सगळं काम मॅकवर चालतं, त्यामुळे या परिषदेचं पहिलं भाषण जागून बघायची जुनी सवय आहे. त्या रात्री मला एकाच गोष्टीची उत्सुकता होती. २०१६ मध्ये ॲपलने स्वतःचा थंडरबोल्ट डिस्प्ले बंद केला होता, आणि त्यानंतर कंपनीने स्वतःच्या नावाचा एकही सुटा मॉनिटर काढला नव्हता.

मंचावर आधी एक आकडा आला: ४३,००० डॉलर. चित्रपटाचे रंग जिथे शेवटचे तपासले जातात तिथे जो रेफरन्स मॉनिटर लागतो, त्याची ही किंमत. मग ॲपलचा नवा मॉनिटर आला, प्रो डिस्प्ले एक्सडीआर. किंमत ४,९९९ डॉलर. चकाकी न येणाऱ्या नॅनो-टेक्श्चर काचेचा हवा असेल तर ५,९९९. इथवर सभागृह सोबत होतं. मग पुढचे दोन आकडे आले. भिंतीवर किंवा आर्मवर बसवायचा व्हेसा अडॅप्टर १९९ डॉलर, आणि टेबलावर उभा करायचा स्टँड ९९९ डॉलर. हा शेवटचा आकडा ऐकताच सभागृहात कुजबुज उठली. ती थेट प्रक्षेपणातही स्वच्छ ऐकू आली. दुसऱ्या दिवशी जगभर चर्चा झाली ती स्टँडचीच, पडद्याकडे फारसं कुणी वळलंच नाही.

महागडा मॉनिटर नेमका कशाचे पैसे घेतो, हे या एका प्रकरणात जितकं उघडं पडतं तितकं दुसरीकडे कुठे पडत नाही असं मला वाटतं. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे. त्यातला शेवटचा भाग आमच्या ऑफिसातला आहे, कारण याच प्रश्नाशी आम्हालाही पैसे मोजून भिडावं लागलं.

वस्तू काय होती

३२ इंची पडदा, आडवे ६,०१६ आणि उभे ३,३८४ पिक्सेल. म्हणजे दोन कोटींहून थोडे जास्त. इंचाला २१८ पिक्सेल. पूर्ण पडदा पांढरा केला तरी १,००० निट्सचा उजेड टिकवून धरणारा, आणि झळाळत्या जागी १,६०० निट्सपर्यंत जाणारा. साधा ऑफिसचा मॉनिटर २५० ते ३५० निट्सचा असतो, त्यावरून फरकाची कल्पना येईल. पडद्यामागे ५७६ निळे एलईडी, प्रत्येकाचा उजेड वेगळा कमी-जास्त होणारा. उष्णता बाहेर टाकण्यासाठी पाठीवर खिसणीसारखी दिसणारी ॲल्युमिनियमची जाळी. त्यात कॅमेरा नाही आणि स्पीकरही नाहीत.

स्टँडसुद्धा साधा नव्हता. साडेसात किलोचा पडदा चुंबकाने त्याला चिकटतो, एका बोटाने वर-खाली होतो आणि सोडला तिथेच थांबतो. पडदा उभाही फिरवता येतो. आतली वजन तोलणारी यंत्रणा खरोखर उत्तम आहे. मी ती हाताळून पाहिली आहे, आणि हात काढल्यावर पडदा केसभरही खाली आला नाही. त्यामुळे स्टँड वाईट होता म्हणून कुजबुज झाली, असं म्हणता येणार नाही.

पहिला आकडा: ४३,०००

बाजारात मुरलेला दुकानदार गिऱ्हाइकाला साडी दाखवताना आधी पंचवीस हजारांची पैठणी उलगडतो. ती घ्यावी अशी त्याची अपेक्षाच नसते. नंतर काढलेली नऊ हजारांची साडी डोळ्यांना परवडणारी वाटावी, एवढंच तिचं काम. ४३,००० चं काम तेच होतं. त्याच्या शेजारी ४,९९९ ठेवले की हिशेब आठव्या हिश्श्याहूनही खाली येतो.

पण ही तुलना किती खरी होती? हे समजायला मागच्या दिव्यांचा हिशेब करावा लागतो, आणि तो मला फार आवडलेला हिशेब आहे. दोन कोटी तीन लाख अठ्ठावन्न हजार एकशे चव्वेचाळीस पिक्सेलना ५७६ ने भागलं की येतात ३५,३४४. हा १८८ चा वर्ग. म्हणजे पडदा समान चौकोनांत वाटला तर ३२ आडवे आणि १८ उभे असे बरोबर ५७६ चौकोन पडतात, प्रत्येक १८८ पिक्सेल लांब-रुंद. इंचाला २१८ पिक्सेल धरले तर एका चौकोनाची बाजू साधारण दोन सेंटिमीटर. पस्तीस हजार पिक्सेलना मिळून एक दिवा.

आता पूर्ण काळ्या पडद्यावर एक पांढरा अनुस्वार ठेवा. त्याला उजळायचं तर मागचा दिवा लावावाच लागणार, आणि तो दिवा त्या ठिपक्यापुरता नसतो, दोन सेंटिमीटरचा चौकोन उजळवतो. एलसीडी पिक्सेल बंद असला तरी थोडा उजेड झिरपतोच. मग अनुस्वाराभोवती राखाडी वलय दिसतं. चित्रपटाच्या शेवटची पांढरी नावं काळ्यावरून सरकतात तेव्हा हे वलय त्यांच्याबरोबर चालतं.

याच्या उलट सोनीचा बीव्हीएम-एचएक्स३१० सारखा रेफरन्स मॉनिटर एलसीडीचे दोन थर एकावर एक बसवतो. मागचा थर पिक्सेलगणिक उजेड अडवतो आणि पुढचा थर रंग देतो. तिथे अनुस्वार उजळला तर फक्त अनुस्वारच उजळतो. हे पडदे थोड्या संख्येत बनतात, एकेक करून जुळवले जातात, आणि त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे चित्रपटाचे रंग जुळवणारे, जगभरातले मोजके ग्रेडिंग स्टुडिओ. किंमत तिथून येते.

मुंबईत अंधेरीला माझा एक मित्र कलरिस्ट आहे, म्हणजे चित्रपटाचे रंग जुळवणारा. त्याच्याकडे एक्सडीआर आहे. तो संपादनाच्या टेबलावर आहे, दिग्दर्शकाला दाखवण्यासाठी आहे, आणि त्या कामाला तो अप्रतिम आहे. पण शेवटची मंजुरी देताना मित्र खुर्ची सरकवून दुसऱ्या पडद्याकडे जातो. मी त्याला थेट विचारलं, ४३,००० ची बरोबरी आहे का रे? तो म्हणाला, "नाही. पण ४३,००० वाल्यावर मी ईमेल वाचत नाही." हे उत्तर मला फार नेमकं वाटलं. एक्सडीआरचं खरं मोल रेफरन्सची बरोबरी करण्यात नव्हतंच. दिवसभर अक्षरं वाचता येतील असा बारीक पडदा आणि चांगला एचडीआर, म्हणजे गडद काळोख आणि झळाळता उजेड एकाच चित्रात दाखवण्याची ताकद, हे दोन्ही एका वस्तूत पहिल्यांदा एकत्र आलं होतं, ते मोलाचं होतं. कंपनीने मात्र किंमत पटवली ती रेफरन्सच्या नावावर.

दुसरा आकडा: ९९९

पैठणी बघून झाल्यावर मन ४३,००० च्या मापाने मोजत होतं. स्टँड म्हटल्याबरोबर ते माप गळून पडलं. स्टँड ही सगळ्यांच्या ओळखीची वस्तू. ती मॉनिटरबरोबर येते, तिचे वेगळे पैसे मोजायचे असतात हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. हजार डॉलरशेजारी ठेवायला लोकांकडे जो आकडा होता तो सरळ होता: तेवढ्यात अख्खा चांगला मॉनिटर येतो, स्टँडसकट. ॲपलचाच थंडरबोल्ट डिस्प्ले शेवटपर्यंत ९९९ डॉलरला होता. म्हणजे कंपनीने नकळत स्वतःचीच जुनी किंमत स्वतःसमोर उभी केली.

मिसळीच्या दुकानात हे रोज दिसतं. मिसळ सत्तरची नव्वद झाली तर लोक एक दिवस कुरकुरतात आणि खातात. पण पुन्हा मागितलेल्या रश्श्याचे दहा रुपये बिलात लावले, तर त्या दुकानाचं नाव गावभर होतं. रस्सा मिसळीत धरलेला असतो. तो वेगळा मोजला की गिऱ्हाइकाला महाग वाटत नाही, फसवल्यासारखं वाटतं. या दोन भावना वेगळ्या आहेत, आणि दुसरी विसरली जात नाही.

हेच पैसे दुसऱ्या तऱ्हेने सांगता आले असते. स्टँडसकट ५,९९९, आणि स्टँड नको असेल तर हजार डॉलर कमी. बेरीज जवळपास तीच राहिली असती. असं तेव्हा अनेकांनी लिहिलं आणि ते बरोबरच आहे. पण कंपनीच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो मला प्रामाणिकपणे नोंदवायचा आहे. एडिटिंग स्टुडिओत टेबलांना आधीपासून आर्म असतात. एकाच वेळी दहा मॉनिटर घेणाऱ्या स्टुडिओला दहा स्टँड गळ्यात मारणं म्हणजे दहा हजार डॉलरचं लोखंड अडगळीत टाकणं. किंमत सुटी करणं त्या गिऱ्हाइकाच्या हिताचं होतं. अडचण अशी की समोर बसलेले लोक ते नव्हते. सभागृहात सॉफ्टवेअर लिहिणारे होते, घरच्या टेबलावर एकच मॉनिटर ठेवणारे. त्यांच्यासाठी स्टँड ही निवड नव्हती, गरज होती. आणि आर्मवाल्यांनाही १९९ चा अडॅप्टर घ्यावाच लागत होता, त्यामुळे 'नको असेल तर नका घेऊ' ही सोयही अर्धीच राहिली. पेटीतून काढलेला पडदा एकही पैसा जास्त न देता कुठेच उभा राहत नव्हता. माझ्या मते चूक इथे आहे. स्टँड महाग होता हे खरं, पण ४,९९९ ला विकली जाणारी वस्तू वापरण्याजोगी पुरी नव्हती, हे त्याहून गंभीर.

मागचा भाव

'इंचाला २१८' हा आकडा एक्सडीआरने आणलेला नव्हता. त्याच्या किमतीचा माग काढला तर बरंच कळतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये डेलने २७ इंची ५के मॉनिटर जाहीर केला, यूपी२७१५के. पिक्सेल ५,१२० गुणिले २,८८०, किंमत अडीच हजार डॉलरच्या घरात. त्या वेळच्या एका डिस्प्लेपोर्ट केबलमधून सेकंदाला साठ वेळा एवढे पिक्सेल जाऊच शकत नव्हते, म्हणून त्याला दोन केबली लावाव्या लागत. पुढच्याच महिन्यात ॲपलने तेवढ्याच मापाचा आणि तेवढ्याच पिक्सेलचा पडदा असलेला आयमॅक आणला, २,४९९ डॉलरला. म्हणजे नुसत्या मॉनिटरच्या किमतीत मॉनिटर आणि अख्खा संगणक. वर्षभरात तो आयमॅक १,७९९ पासून मिळू लागला. २०१६ मध्ये एलजीचा अल्ट्राफाइन ५के सुमारे १,३०० डॉलरला आला.

त्यानंतर कितीतरी वर्षं हा भाव तिथेच खिळून राहिला. टीव्ही दर वर्षी स्वस्त होत गेले, ४के मॉनिटर कुठल्या कुठे उतरले, ५के मात्र हलले नाहीत. कारण तंत्राचं कमी आणि संख्येचं जास्त. ४के हे टीव्हीचं माप. जगभर कोट्यवधी पडदे त्या मापाचे बनतात, आणि मॉनिटरलाही त्या पसाऱ्याचा फायदा मिळतो. ५के टीव्ही फारसं कुणी बनवत नाही. हे माप लागतं फक्त जवळून वाचणाऱ्यांना, आणि त्यातही प्रामुख्याने मॅकवाल्यांना. गिऱ्हाईक थोडं, कारखाने त्याहून थोडे. जिथे विकणारा एखाद-दुसराच असतो तिथे किंमत खर्चावरून ठरत नाही. घेणाऱ्याची किती अडचण आहे यावरून ठरते.

आमच्या टेबलावरची अडचण

ती अडचण काय, हे आता जवळून दाखवतो.

मराठी पुस्तकाचा मजकूर साधारण बारा पॉइंटात लागतो. बारा पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. जुन्या २७ इंची मॉनिटरवर, इंचाला १०९ पिक्सेल, त्या ओळीला उभे अठरा पिक्सेल मिळतात. रोमन लिपीला अठरा पुरतात. देवनागरीत त्या अठरांतून वरचे चार-पाच वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार नेतात, खालचे तीन-चार उकार आणि ऋकार नेतात, शिरोरेघेला एक-दोन जातात, आणि मधल्या अक्षराला उरतात आठ-नऊ. त्या तीन-चार पिक्सेलांत 'कृ' आणि 'कु' वेगळे दिसायला हवेत. 'वर्षं' लिहिताना 'ष' वर रफार आणि त्याच्या टोकाशी अनुस्वार असा दोघांचा संसार वरच्या चार-पाच पिक्सेलांतच थाटायचा असतो. जुन्या पडद्यावर तो अनुस्वार रफारात विरघळून जाई. 'दोन वर्ष' आहे की 'दोन वर्षं' आहे, हे कळायला पान दोनशे टक्के मोठं करावं लागे.

पानभर मजकूर दोनशे टक्क्यांवर वाचता येत नाही. ओळ पडद्याबाहेर जाते, वाचणाऱ्याची लय तुटते, आणि लय तुटली की चुका निसटतात. २०२१ मध्ये आमच्याकडून एक आत्मचरित्र छापखान्यात गेलं त्यात असे अकरा अनुस्वार राहून गेले. लेखकाने पहिल्या प्रतीत प्रत्येक जागी पेन्सिलीने बारीक टिंब दिलं आणि ती प्रत आम्हाला पाठवली. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. चूक आमचीच होती. कागदावरच्या शेवटच्या प्रुफाला आम्ही त्या वेळी घाईत फाटा दिला होता.

मग ४के का नाही? २७ इंची ४के म्हणजे इंचाला १६३, त्याच ओळीला सत्तावीस पिक्सेल. विंडोजवर हे चांगलं चालतं. तिथे दीडशे टक्क्यांचं स्केलिंग लावलं की अक्षर थेट त्या सत्तावीस पिक्सेलांत कोरलं जातं. मॅकची रीत निराळी आहे. मॅक सगळं दुपटीत मोजतो. २७ इंचावर सगळं नेहमीच्या आकाराचं दिसावं असं सांगितलं, तर तो आधी ५,१२० गुणिले २,८८० चं चित्र मनात काढतो आणि मग ते आवळून ३,८४० गुणिले २,१६० मध्ये बसवतो. चार पिक्सेलांचं तीनात बसवणं. शिरोरेघेसारखी सरळ काळी रेघ या आवळण्यात कडांना किंचित राखाडी होते. त्यात मॅकच्या प्रणालीच्या २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची जुनी सबपिक्सेल पद्धत काढून टाकली, त्यामुळे कमी घनतेच्या पडद्यांवरचं अक्षर आणखी फिकं दिसू लागलं. २१८ वर मात्र हा हिशेब नेमका जुळतो. १०९ ची बरोबर दुप्पट. आवळणं नाही, राखाडी कडा नाहीत. ओळीला छत्तीस पिक्सेल.

म्हणून एकच मॉनिटर दोघांना सारखा मोलाचा नसतो. विंडोजवर काम करणाऱ्या डीटीपीवाल्याने ५के साठी चौपट पैसे मोजावेत असं मी कधीच सांगणार नाही. त्याला तीस-पस्तीस हजारांचा चांगला ४के पुरतो. मॅकवर दिवसभर देवनागरी वाचणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

मार्च २०२२

८ मार्च २०२२ ला ॲपलने स्टुडिओ डिस्प्ले आणला: २७ इंच, ५के, ६०० निट्स, कॅमेरा आणि सहा स्पीकर, १,५९९ डॉलर. त्याच दिवशी २७ इंची आयमॅक बंद झाला. म्हणजे १,७९९ ला संगणकासकट मिळणारा पडदा आता नुसता, दोनशे डॉलर कमी करून. २०१९ चा धडा मात्र कंपनीने घेतलेला दिसत होता. या वेळी स्टँड किमतीत धरलेला होता, आणि व्हेसा हवा असेल तर तोही त्याच किमतीत. उंची कमी-जास्त करणाऱ्या स्टँडचे मात्र ४०० डॉलर वेगळे. कार्यक्रम आधीच चित्रित केलेला होता, त्यामुळे कुजबुजायला सभागृहात कुणी नव्हतं.

ते ४०० मला २०१९ च्या ९९९ पेक्षाही जास्त खटकतात. एक्सडीआरचा स्टँड आज नाही घेतला तर उद्या घेता येत होता, आर्मवरून काढून स्टँडवर लावता येत होता. स्टुडिओ डिस्प्लेचा स्टँड खरेदीच्या वेळी निवडायचा आणि तो कायमचा. घरी आणल्यावर उंची कमी पडते असं लक्षात आलं तर स्वतः बदलता येत नाही. गिऱ्हाईक घाबरून वरचा पर्याय घेतं ते यामुळेच.

भारतात किंमत लागली १,५९,९०० रुपये. उंचीचा स्टँड आणखी ४०,०००. नॅनो-टेक्श्चर काच ३०,०००, तिकडे ३०० डॉलर. सगळीकडे डॉलरमागे सरळ शंभर रुपये. २०२१ मध्ये ॲपलने विकायला काढलेलं पडदा पुसायचं फडकंसुद्धा १९ डॉलरचं १,९०० रुपयांना. डॉलर तेव्हा शहात्तरच्या आसपास होता, त्यामुळे आपल्याला लुबाडतात अशी ओरड झाली. ती पूर्ण खरी नाही. अमेरिकेतल्या किमतीत विक्रीकर नसतो, आपल्या किमतीत अठरा टक्के जीएसटी आत असतो. १,५९,९०० मधून तो काढला की उरतात १,३५,५०८. १,५९९ डॉलरचे तेव्हाचे रुपये सुमारे १,२१,५००. खरा फरक चौदा हजारांचा, म्हणजे अकरा-साडेअकरा टक्के. तो आहे, आणि तो आपण भरतो. पण दिसतो त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

जीएसटीचा हा मुद्दा व्यवसायवाल्याने नीट लक्षात घ्यावा. आमची नोंदणी आहे, त्यामुळे २४,३९२ रुपयांचं क्रेडिट आम्हाला मिळालं, म्हणजे तेवढी रक्कम आम्ही भरायच्या जीएसटीतून वजा झाली. नोंदणी नसलेल्या, एकट्याने काम करणाऱ्या मित्राला तोच मॉनिटर पूर्ण १,५९,९०० ला पडला. सेवा देणाऱ्याला वीस लाखांच्या उलाढालीखाली नोंदणी सक्तीची नसते, आणि आपल्याकडचे बहुतेक अक्षरजुळणीवाले त्या खालच्याच रांगेत आहेत. महाग वस्तू लहान माणसाला आणखी महाग पडते ती अशी.

आम्ही काय केलं

ऑफिसात तेव्हा तीन टेबलं होती. आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधक ताई, वय एकसष्ट, दिवसाचे सात तास पडद्यावर वाचतात. मी मांडणी करतो. तिसऱ्या टेबलावर मजकूर टाइप होतो, तिथे विंडोज आहे.

आम्ही हिशेब तासांवर केला. मॉनिटर सात वर्षं टिकेल असं धरलं, वर्षाला २८० दिवस, दिवसाला सात तास. १३,७२० तास. क्रेडिट वजा करून स्टुडिओ डिस्प्ले तासाला सुमारे दहा रुपये पडत होता. पस्तीस हजारांचा ४के, त्याचंही क्रेडिट वजा करून, दोन रुपयांच्या थोडा वर. फरक तासाला पावणेआठ रुपये. ताईंच्या वाचनाच्या एका तासाचं मोल यापेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यात मला शंका नव्हती. माझ्या टेबलावर मात्र तोच हिशेब उभा राहत नव्हता. मी दिवसातला बराच वेळ पानाची चौकट, चित्रं आणि समास बघतो, आणि त्याला १६३ पुरतात. टायपिंगच्या टेबलाचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा एक स्टुडिओ डिस्प्ले घेतला, ताईंसाठी, साधी काच आणि साधा स्टँड. खिडकी त्यांच्या डाव्या हाताला येते म्हणून नॅनो-टेक्श्चरचा मोह झाला होता. त्याऐवजी टेबल काटकोनात फिरवलं आणि खिडकीला जाड खादीचा पडदा लावला. दोन्ही मिळून दोन हजारांत झालं. दुसरा, ४के, माझ्यासाठी.

उंचीचा प्रश्न राहिला. साधा स्टँड ताईंना खाली पडत होता, मान वाकत होती. आधी त्याखाली जुन्या दिवाळी अंकांचे दोन बांधीव खंड ठेवून आठवडाभर बघितलं. एक काढला, दुसरा ठेवला, खाली एक पुठ्ठा सरकवला. उंची जुळली तेव्हा पट्टीने मोजली: नऊ सेंटिमीटर. शनिवार पेठेतल्या ओळखीच्या सुताराकडून त्या मापाचा सागवानी पाट करून घेतला, खाली रबराच्या गुंड्या लावून. त्याने साडेआठशे रुपये घेतले.

पहिल्या दिवशी ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, एका कादंबरीचं बत्तिसावं पान शंभर टक्क्यांवर उघडलं आणि काही न बोलता वाचत राहिल्या. वीसेक मिनिटांनी बोट पडद्याजवळ नेऊन म्हणाल्या, "इथे 'कित्येक वर्ष' झालंय बघ." टिंब नव्हतं, आणि ते नाही हे दिसत होतं.

त्यानंतर

बाजार हळूहळू हलला आहे. २०२३ मध्ये सॅमसंगने व्ह्यूफिनिटी एस९ आणला, ५के, १,५९९ डॉलरलाच, पण उंची बदलणारा आणि उभा फिरणारा स्टँड किमतीत धरून. त्याच वर्षी डेलने ३२ इंची ६के मॉनिटर सुमारे ३,२०० डॉलरला काढला, स्टँड आणि कॅमेऱ्यासकट. एक्सडीआरइतका उजेड आणि मागचे वेगळे दिवे त्यात नाहीत, पण नुसतं वाचणाऱ्याला ते लागतही नाहीत. नंतर असूसचा प्रोआर्ट २७ इंची ५के ७९९ डॉलरला आला, म्हणजे स्टुडिओ डिस्प्लेच्या निम्म्या किमतीत तेच २१८. त्याची बांधणी प्लॅस्टिकची, स्पीकर साधे, पडद्याचा थर थोडा खरबरीत. पण ओळीला छत्तीस पिक्सेल ते छत्तीसच. अडलेल्या गिऱ्हाइकाला दुसरं दार उघडलं की आठ वर्षं खिळलेला भाव कसा सुटतो, ते डोळ्यांसमोर दिसलं.

माझ्या टेबलावरचा ४के आता बदलायला आला आहे. या वेळी मी ताईंचा पडदा दोन दिवसांसाठी मागून घेतला, त्यावर एका कवितासंग्रहाची मांडणी केली, आणि नंतर आपल्या जुन्या पडद्यावर तीच पानं उघडली. शिरोरेघेच्या कडा दिसायला लागल्या. आधी त्या मला दिसत नव्हत्या. म्हणून पुढचा मॉनिटर ५के घेणार आहे, प्लॅस्टिकच्या बांधणीचा चालेल. सुताराला दुसऱ्या पाटाचं माप अजून सांगितलेलं नाही. स्टँड बरोबर येतो का आणि तो किती वर जातो, ते आधी दुकानात जाऊन पट्टीने मोजणार आहे.